पडदेवालीची घंटा

"काकी, त्या बांगड्या खाली ठेवा."

शेवंताकाकींनी ऐकलं नाही. आईच्या उशाशी त्या मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात ताट, ताटात हळदकुंकू, खण, नारळ, आणि शेजारी घडी न मोडलेलं हिरवं लुगडं. आईचा डावा हात त्यांनी हातात घेतला होता आणि अंगठा तळव्याकडे दुमडून बघत होत्या, बांगडी चढते का.

"काकी."

"ऐकलं गं. बहिरी नाही झाले अजून. वाटीत साबणाचं पाणी आण जा. हात ताठला की मग चढायच्या नाहीत."

"चढवायच्याच नाहीत."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. डोळे रडून सुजले होते, पण आवाज दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तसाच खणखणीत होता.

"नवरा जिता आहे तिचा. सवाष्ण गेली ती. सवाष्णीला काय मोकळ्या हातानं लावून देतात व्हय? चुडा भरायचा, मळवट भरायचा, ओटी भरायची. नवरीसारखी जायला पाहिजे ती."

"कुणाची नवरी?"

बाहेर कुणीतरी तिरडीचे बांबू आणून टाकले.

आई पहाटे गेली होती. मी आठवडाभर रजा घेऊन तिच्याजवळच होते. शेवटी शेवटी ती फारसं बोलत नव्हती. छताकडे बघत राहायची आणि मधूनच हात हवेत फिरवायची, काहीतरी आखल्यासारखा. मला वाटायचं, पाणी हवंय. एकदा पाण्याचा पेला पुढं केला तर म्हणाली, "सरक. उजेड अडतोय."

आमच्या बोळाला नगरपालिकेनं कुठल्याशा पुढाऱ्याचं नाव दिलं होतं, पण गावात सगळे नाटकबोळच म्हणत. नदीकडच्या तोंडाला थिएटर, आतल्या टोकाला आमचं घर, आणि मधे सगळी नाटकाच्या पोटावर जगणारी माणसं. काकींचं ड्रेपरीचं दुकान, म्हणजे नाटकांना कपडे भाड्यानं देणारं. सकाळी त्यांच्या कट्ट्यावर जिरेटोप, दाढ्या आणि द्रौपदीचे शालू उन्हात घातलेले असत. शेजारी हसनचाचांची पाट्या रंगवायची खोली. पलीकडे बँडकंपनी, तिथं सकाळपासून एक क्लॅरिनेट तोच तो सूर घोटत असे. ढोलकीला शाई घालणारे, टोप विणणारे. आणि आई.

आई नाटकांचे पडदे रंगवायची. दरबार, महाल, जंगल, रस्ता, तुरुंग. थिएटरामागच्या मोकळ्या जागेत मांजरपाट अंथरायचं, सरस उकळायचा, त्यात पेवडी, गेरू, नीळ कालवायची, आणि लांब काठीला बांधलेल्या कुंच्यानं, उभ्यानं, अनवाणी पडद्यावरून चालत चालत रंगवायचं. पंचक्रोशीतले सगळे राजे आईच्या दरबारात मेले आणि सगळ्या शकुंतला आईच्या जंगलात वाट चुकल्या. तिच्या पायांच्या भेगांत रंग असायचा. त्या सकाळी तिला अंघोळ घालताना मी टाचा घासल्या, तरी थोडा गेरू राहिलाच. मी राहू दिला.

"तिनं कधी सांगितलं का तुला?" काकींनी विचारलं. "मेल्यावर माझा चुडा भरू नका म्हणून?"

"नाही."

"मग?"

"घालत होती का ती जिवंतपणी?"

"नव्हती घालत. कामात फुटायच्या म्हणून." काकींनी बांगड्या पदराखाली घेतल्या, मी हिसकावून घेईन अशा भीतीनं. "तुला काय ठाऊक गं चारू? तू शिकायला गेलीस, नोकरीला गेलीस. मी इथं होते. मधू गेला तेव्हा ह्या गावातल्या बायका काय काय बोलायला टपल्या होत्या. टाकलेली म्हणाल्या असत्या तिला. मी म्हणू दिलं नाही. दर संक्रांतीला मी स्वतः येऊन तिला हळदीकुंकवाला घेऊन जायची, सगळ्यांच्या देखत पहिलं वाण तिला द्यायची. बघा म्हटलं, सवाष्ण आहे. हिचा मालक मुंबईला कामाला आहे. झालं! कुणाची छाती झाली नाही पुढं बोलायची."

हे खरं होतं. आणि आई ते वाण घेऊन घरी आली की सुगडं रंग कालवायला वापरायची, हेही खरं होतं. ते मी काकींना सांगितलं नाही.

मधू म्हणजे मधुसूदन काळसेकर. माझे वडील. मी दुसरीत असताना एका नाटकाच्या तालमीला मुंबईला गेले आणि तिकडचेच झाले. तिकडं त्यांनी दुसरा संसार थाटला. आधी पत्रं यायची, मग मनीऑर्डरी, मग काहीच नाही. मग बऱ्याच वर्षांनी ते आमच्या बोळात रोज संध्याकाळी यायला लागले, घरोघरच्या टीव्हीवर. एका मालिकेत ते आबासाहेब झाले होते, विस्कटणारं घर दर आठवड्याला पुन्हा सांधणारे. सगळा बोळ बघायचा. आईही बघायची. काकी तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघायच्या, रडते का, म्हणून. आई म्हणायची, "मागची भिंत बघ शेवंता. प्लायवूडची आहे. ह्यानं दार आपटलं की हलते."

दारात हसनचाचा उभे राहिले. हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि कुंचा. बोळाच्या तोंडाशी एक काळा फळा होता. नाटक असलं की त्यावर नाटक, आणि कुणी गेलं की त्यावर ते. चाचांनी आईकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघितलं.

"चारूबेटा, वर काय लिहू?"

"म्हणजे?"

"नावाच्या आधी. कै. सौ. लिहू?"

"कै. सौ.च लिहायचं," काकी म्हणाल्या. "त्यात विचारायचं काय?"

"नाही, आपलं विचारलं. गंगाभागीरथी तर नाही होत. श्रीमती लिहिलं तर लोक म्हणतील मधू वारला का काय."

"काही लिहू नका चाचा," मी म्हटलं. "नुसतं नाव लिहा. सिंधू आगवेकर."

"नुसतं?" चाचांना ते धंद्याच्या दृष्टीनंच पटलं नाही. "मोकळं नाव कसं दिसतं माहीत आहे का? डावीकडं जागा राहते. आणि माहेरचं आगवेकर? काळसेकर नको?"

"तिनं पडद्यावर काय लिहिलं होतं?"

चाचा एकदम हसले, आणि मेलेल्या माणसाच्या घरात हसलो म्हणून टोपी पुन्हा सारखी केली. जंगलाच्या पडद्याच्या कोपऱ्यात आईनं एकदा स्वतःचं नाव घातलं होतं. थिएटरचे मॅनेजर नाना गुळवणी तापले: पडद्यावर कंपनीचं नाव असतं, रंगवणाऱ्याचं नसतं, पुसून टाक. आईनं पुसलं. त्यावर गवत काढलं. उंच, दाट गवत. पुढं कितीतरी वर्षं त्या जंगलात नाटकं झाली, आणि पहिल्या रांगेत बसून नीट बघणाऱ्याला गवताच्या पात्यांत सिंधू आगवेकर वाचता यायचं. नानांना कधी दिसलं नाही.

"हिरवा मीच कालवून दिलेला," चाचा म्हणाले. "मोकळं तर मोकळं. अक्षर जरा मोठं काढतो, जागा भरेल."

ते वळले तोच नाना आत आले. पांढरा झब्बा, खांद्यावर शाल, हातात मोबाईल. नाना एकेकाळी नायकाच्या भूमिका करायचे. घरात पाऊल टाकतानाही ते एन्ट्री घ्यायचे. त्यांनी आईच्या पायांना हात लावला, क्षणभर डोळे मिटले, आणि मला म्हणाले, "चारू, मी मधूला फोन केला होता. निघालाय तो. दुपारपर्यंत पोचतो."

"मला न विचारता?"

"नवरा आहे तो तिचा. ढसाढसा रडला फोनवर. खांदा मी देणार म्हणाला, अग्नी मी देणार. तोवर थांबायचं."

"नाही थांबायचं, नाना."

"ऐक. जरा बस." ते स्वतः बसले नाहीत. "थिएटर पाडायचं ठरतंय, तुला कल्पना आहे? तिथं दुकानांचे गाळे होणार. आम्ही अर्ज करून थकलो. पण मधूचं वर वजन आहे. तो इथं आला, ह्या मातीत त्याचे अश्रू पडले, चार कॅमेरे लागले, आणि तो नुसतं एवढं बोलला, की ह्या थिएटरात मी घडलो, की बास. कुणाची हिंमत नाही हात लावायची. सिंधूला काय वाटलं असतं सांग. तिचे पडदे लटकताहेत तिथं."

ह्याचं उत्तर सोपं नव्हतं. ते थिएटर आता नाही. तिथं गाळेच आहेत, मोबाईलची दुकानं आहेत. चारूनं तेव्हा जरा ऐकलं असतं तर, असं म्हणणारी माणसं बोळात अजून आहेत. असेलही.

"आणि दुसरं," नाना आवाज खाली आणून म्हणाले, "मी घंटा द्यायची ठरवली आहे."

काकींनी तोंडावर हात ठेवला. "सिंधूला? खरंच?"

आमच्या बोळाची एक रीत होती. कुणी नट गेला की तिरडी थिएटरच्या पायऱ्यांसमोर ठेवायची. मॅनेजरनं पायरीवर उभं राहून त्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "ह्यानं इथं रंग लावला." की आत विंगेतली तिसरी घंटा व्हायची, पडदा उघडायच्या वेळी होते ती. मग तिरडी उचलायची. नटांना होती, नटींना होती. ज्यानं आयुष्यात एकदाच भालदाराचं काम केलं होतं त्या सोन्या न्हाव्यालाही झाली होती. रंग म्हणजे चेहऱ्याला लावायचा रंग. ज्यांनी तो लावला नाही, त्या ढोलकीवाल्यांना, शिंप्यांना, दिवेवाल्यांना, पडदेवाल्यांना घंटा नव्हती. ते गेले की तिरडी थिएटरवरून सरळ पुढं जायची.

"कशाबद्दल देणार?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"घंटा कशाबद्दल? तिनं काय केलं म्हणून?"

"नटवर्य मधुसूदन काळसेकर ह्यांची पत्नी म्हणून. अपवाद करतोय मी. आजवर कुणासाठी केला नाही."

"पडदे रंगवले म्हणून का नाही?"

"पडदे ही कला आहे, मी कुठं नाही म्हणतो. पण रीत रीत आहे. ज्यानं रंग लावला त्याला घंटा."

"नाना, तिच्याइतका रंग ह्या बोळात कुणी लावला?"

"शब्दाचा खेळ करू नको. प्राध्यापकीण झालीस म्हणून मला शब्द शिकवू नको." नानांचा पारा चढला. "आज पडदेवालीला दिली तर उद्या दिवेवाले मागतील. ढोलकीवाले मागतील. उद्या ही शेवंता मागेल. काय अर्थ राहील घंटेला?"

शेवंताकाकी आईच्या उशाशी बसल्या होत्या, तशाच बसून होत्या. मग त्यांनी अगदी सावकाश विचारलं, "का हो नाना? मागू नये होय शेवंतानं?"

"तुझं नाही म्हणत मी—"

"नाही, माझंच म्हणालात. तुमच्या पहिल्या भूमिकेचा अंगरखा कुणी बेतला? प्रयोगात धोतर सुटलं होतं तुमचं, अंक चालू असताना, तेव्हा विंगेतून रांगत येऊन सिंहासनामागं बसून कुणी धरून ठेवलं? सगळा अंक! माझे गुडघे सोलले. लोकांनी तुम्हाला टाळ्या दिल्या."

"शेवंता, ही वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे की. मी मेल्यावर मला कुठं बोलता येणार आहे?"

नाना निघाले. दारात थांबून म्हणाले, "मधू आल्याशिवाय ती उचलायची नाही. ही माझी नाही, बोळाची इच्छा आहे."

ते गेल्यावर काकींनी पदराखालून बांगड्या काढल्या. बराच वेळ त्या हातात फिरवत बसल्या. मला वाटलं, पुन्हा सुरू होणार.

"मधूची बायको म्हणून घंटा," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मधूची बायको म्हणून वाण. आणि घरी येऊन ती सुगड्यात रंग कालवायची. मला काय दिसत नव्हतं व्हय?"

त्यांनी बांगड्या ताटात ठेवल्या आणि ताट हातानं भिंतीकडं सरकवलं.

"तिचं ते करड्या काठाचं पातळ कुठं आहे? कामाचं? ते काढ. आणि मी धरते, तू नेसव. ह्या नाना गुळवण्याच्या नानाची टांग."

आम्ही दुपारपर्यंत थांबलो नाही. तरी वेळ व्हायचा तो झालाच. गुरुजी उशिरा आले, लाकडं आणायला माणूस गेला, बोळातल्या बायका रडायला आल्या आणि आईच्या पायाला कुंकू नाही म्हणून कुजबुजून गेल्या. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा पुढं मी आणि हसनचाचा होतो, मागं बँडकंपनीतला क्लॅरिनेटवाला. चौथ्या टोकाशी कुणीच येईना. नानांचा शब्द मोडायची कुणाची तयारी नव्हती. पुरुष भिंतींना टेकून पायांकडे बघत उभे होते.

काकींनी पदर खोचला.

"काकी, तुम्ही?"

"का? दोन राजे, चार प्रधान आणि अख्खी वानरसेना ह्या खांद्यावर जत्रेला नेली आहे मी. ही तर काडी झाली होती." आणि तिरडी खांद्यावर घेता घेता त्या आईला म्हणाल्या, "चल गं बाई. तुझ्यापायी म्हातारपणी तमाशा."

नदीकडे जायला वाट एकच होती, थिएटरसमोरून. मी ठरवलं होतं, थांबायचं नाही. पण थिएटरपाशी पोचलो तर समोर गर्दी. मोठी गाडी, कॅमेरा खांद्यावर घेतलेली दोन पोरं, आणि पायऱ्यांवर नानांच्या शेजारी काळसेकर. टीव्हीवर दिसायचे त्यापेक्षा बुटके. त्यांनी काळा चष्मा काढला. डोळे ओले होते. ते खरंच रडत होते की नाही मला कळलं नाही, आणि त्यांना तरी कळत असेल असं वाटत नाही.

ते खाली उतरले, तिरडीला हात लावला, मग माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. माझ्या खांद्यावर बांबू होता. मला मागं सरता आलं नाही. मी नुसती बघत राहिले. हात हवेतच थांबला.

"चारू," ते हळू म्हणाले. आवाज मात्र टीव्हीवर यायचा त्यापेक्षा चांगला होता. "मी तिला सोडून गेलो, ते माझं पाप. पण मी माझं नाव तिच्याकडून कधी काढून घेतलं नाही."

"तुम्ही काढलं नाहीत," मी म्हटलं. "तिनं परत केलं. तुम्ही न्यायला आला नाहीत."

एवढ्यात नानांनी वरून हात केला. गर्दी गप्प झाली. रीतीच्या वेळी बोळात कुणी बोलत नसे. वाट बंद होती. आम्ही तिरडी पायऱ्यांसमोर टेकवली.

नाना झब्बा सारखा करून मध्यावर आले. त्या एका पावलात ते तरुण झाले. कॅमेरे वळले. आत, विंगेत, काकींचे यजमान बबनकाका घंटेची दोरी धरून उभे असणार, हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. पडदा ओढायचं आणि घंटा द्यायचं काम त्यांचं. सकाळपासून नानांनी त्यांना आतच बसवलं होतं. बाहेर काय बोलाचाली झाली, त्यांच्या कानावर काही नव्हतं. त्यांना ‘रंग लावला’ हे दोन शब्द हवे होते, की दोरी ओढायची.

"नटवर्य मधुसूदन काळसेकर," नानांनी सुरुवात केली. आवाज बोळाच्या पार त्या टोकाला गेला. "ह्यांच्या सहधर्मचारिणी, कैलासवासी सौभाग्यवती..."

आणि ते थांबले. विसरले नव्हते. तो त्यांचा नेहमीचा थांबा होता; मोठ्या नावाआधी ते थांबायचे, प्रेक्षकांनी श्वास धरावा म्हणून.

तो थांबा मला माहीत होता. शाळा सुटल्यावर रोज मी त्या थिएटरच्या विंगेत संहिता मांडीवर घेऊन बसायची आणि नाना अडले की शब्द पुरवायची. प्रॉम्प्टिंगचं एक तंत्र असतं. ओरडायचं नाही, कुजबुजायचं नाही. ओठ न हलवता, सपाट, नटाच्या श्वासाच्या बरोब्बर टोकावर पहिले दोन शब्द ठेवायचे. बाकीचं तो उचलतो. विचार करून नाही उचलत. विस्तवावरून हात मागं यावा तसं ते होतं. जो जुना नट आहे त्याला प्रॉम्प्ट ऐकू येतो आणि वाक्य तोंडातून निघतं, मग ते कुठल्या का नाटकातलं असेना. एकदा एका अंकात मी चुकून दुसऱ्याच नाटकाचं पान उघडलं होतं. नानांनी महाराजांच्या तोंडून सासूला उद्देशून अर्धा परिच्छेद म्हटला होता.

मी तिरडीशेजारी मान खाली घालून उभी होते. ओठ हलवले नाहीत.

"सिंधू आगवेकर," मी म्हटलं.

"सिंधू आगवेकर!" नाना गर्जले.

त्यांच्या डोळ्यांत काहीतरी गडबडलं. हात वर उचललेला, तो तसाच राहिला. श्वास संपत आला होता. मी तो संपू दिला.

"हिनं इथं—"

"हिनं इथं रंग लावला!"

आत तिसरी घंटा झाली.

पितळेची ती जुनी घंटा मोकळ्या थिएटरात फार मोठी वाजली. बबनकाकांनी नेहमीसारखी लांबवली. बोळातल्या सगळ्यांच्या माना, सवयीनं, थोड्या खाली गेल्या. बँडवाल्यांच्या, टोपवाल्यांच्या, भिंतींना टेकून उभ्या असलेल्या पुरुषांच्या. काळसेकरही सवयीनं ताठ झाले, त्यांनी खांदे मागं घेतले आणि चेहरा तयार केला. मग घंटा कुणाची ते त्यांच्या लक्षात आलं असावं. चेहरा कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

घंटेचा आवाज विरला. नाना पायऱ्या उतरून माझ्यासमोर आले. त्यांचे कान लाल झाले होते.

"पोरी, तू मला फसवलंस. भर बोळात."

"मी काही केलं नाही नाना. मी शब्द दिला. उचलला तुम्ही."

"मी परत घेईन तो."

"घ्या. पायरीवर जा आणि सांगा सगळ्यांना, की हिनं इथं रंग लावला नाही."

त्यांनी पायरीकडं बघितलं. खरंच बघितलं, जावं की न जावं असं. मग आईकडं बघितलं. आईचं करड्या काठाचं पातळ, त्यावर जुने न निघालेले डाग, पेवडीचे, निळीचे. नाना बाजूला झाले. त्यानंतर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत, पण त्या दिवशी बाजूला झाले.

बबनकाका धोतराला हात पुसत बाहेर आले. "बरोबर वाजली ना?" त्यांनी सगळ्यांना विचारलं. सगळ्यांचे चेहरे बघून ते घाबरले.

"बरोबर वाजली," हसनचाचा म्हणाले. "उचला."

आम्ही वाकलो. काळसेकर झटकन पुढं झाले, काकींच्या बांबूला हात घातला. "वहिनी, द्या इकडं. तुम्हाला जड होईल. निदान खांदा तरी—"

"मधू," काकी तिरडी खांद्यावर घेत म्हणाल्या, "खांदे भरले. तू मागनं ये. चपला काढून ये."

ते मागं झाले. थोड्या वेळानं मागून अनवाणी पावलांचा आवाज आला. इतक्या पावलांत त्यांची कुठली, मी वळून बघितलं नाही.

कॅमेऱ्याचं एक पोरगं आमच्या बाजूनं उलटं चालत होतं. त्याला काकी सापडल्या. म्हातारी बाई, खांद्यावर तिरडी. त्याला चित्र आवडलं असणार.

"आजी, तुम्ही कोण त्यांच्या? बहीण?"

काकींना धाप लागली होती. त्यांनी बांबू उजव्या खांद्यावरून नीट केला, घाम पुसला आणि कॅमेऱ्यात सरळ बघितलं.

"मी ड्रेपरी," त्या म्हणाल्या. "नाव शेवंता. लिहून घे. माझ्या घंटेला पण ये."